खेचरदलाची कामगिरी

"हॅलो?… हां, चष्म्याचंच दुकान… कोण?… अगं ताई, तू होय! बोल, बोल… नाही गं, कामात कसला, एक गिऱ्हाईक बसलंय डोळे तपासायला… तुम्ही वाचा हो खालून तिसरी ओळ, मनातल्या मनात वाचलीत तरी चालेल… हां, बोल ताई."

ताई म्हटल्याबरोबर चष्मेवाले काका खुर्चीतून उठून उभे राहिले होते. का, ते कळायला काका कळायला हवेत. या माणसाच्या दुकानातून नुसता चष्मा घेऊन आजवर कोणी सुटलेलं नाही. नाकावर चष्मा चढला की पाठोपाठ कानात एका पुस्तकाचं नाव पडणारच. एकदा चुकून आत शिरलेल्या मांजरालासुद्धा त्यांनी एक प्रवासवर्णन सुचवलं होतं आणि ते मांजर पुन्हा गल्लीत दिसलं नाही, असं शेजारचा न्हावी शपथेवर सांगतो. सुट्टीच्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून काकांचं वाचकमंडळ भरतं. यंदा मंडळाने महायुद्धाचा इतिहास वाचायला घेतलाय, आणि कुणी काय वाचायचं ते अर्थातच काका सांगतात.

"काय?… आज संध्याकाळीच खेचरांचं प्रकरण?… अगं, दुसरा खंड इतक्यात संपत आला? मधली प्रकरणं वगळलीस वाटतं… नाही वगळलीस. बरोबर. आबा रांग मोडू देणार नाहीत… हो, हो… दाढी केली? आबांनी? स्वतः?… कोटही घातला… अरे वा… न्हावीपण येतोय ऐकायला?… मी?… मला मानाची खुर्ची कशाला, ताई… नाही, येणार नाही असं नाही, पण… अगं ऐक ना…"

ताई मागच्या गल्लीत शिवणकाम करते. आबा म्हणजे तिचे वडील. महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीत होते. डोंगरावरच्या चौक्यांना पाणी आणि दारूगोळा पोचवायचं काम. लढाईची पुस्तकं निघाली, सेनापतींची चरित्रं निघाली, सेनापतीच्या घोड्याचं चित्रसुद्धा निघालं, पण खेचरांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, हे आबांचं जन्माचं दुखणं. दोन महिन्यांपूर्वी ताई त्यांना डोळे दाखवायला घेऊन आली. काकांनी भिंगांमागून भिंगं लावली. शेवटी आबाच म्हणाले, "काका, राहू द्या, भिंत दिसतेय हेच पुष्कळ आहे." आता आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवतील तर ते काका कसले? ते म्हणाले, "आबा, चष्मा देता येत नाही, पण पुस्तक देतो. तीन खंड आहेत. त्यात खेचरांवर आख्खं प्रकरण आहे. काय लिहिलंय! ताई वाचून दाखवेल." त्यावर आबा दुकानाच्या दारात काकांचा हात धरून कितीतरी वेळ उभे होते.

काकांनी वाचली होती ती फक्त अनुक्रमणिका. 'खेचरदलाची कामगिरी', प्रकरण अमुक, पान तमुक. संपलं. आपल्यालाही चार शब्द बोलता यावेत म्हणून काल त्यांनी मंडळाच्या वाचनालयातला दुसरा संच काढून आणला आणि ते पान उघडलं. तेव्हापासून ते पुस्तक गल्ल्यावर पालथं पडलं होतं आणि काका त्याच्याकडे पाठ करून काम करत होते.

"ताई, तू… तू खेचर म्हणजे काय समजतेस?… नाही, थट्टा नाही… हां, चार पायांचं, लांब कानांचं. मीही तेच समजलो गं… पुस्तक लिहिणारा पडला पंडित. 'ख' म्हणजे आकाश. 'चर' म्हणजे फिरणारा… अगं, आकाशात फिरणारा… नाही, पक्षी नाहीत, पक्ष्यांचं काय काम लढाईत!… विमानं, ताई. विमानांची तुकडी. त्याला साधं 'विमानदल' लिहायला काय झालं होतं?… नाही. एकही नाही. शेपूटसुद्धा नाही… हॅलो?… ताई?… बोल ना… शिव्या दे हवं तर…"

समोरचं गिऱ्हाईक, एका डोळ्यावर काळी चकती आणि नाकावर तपासणीची जड फ्रेम अशा अवतारात, दुसऱ्या डोळ्याने काकांकडे बघत होतं. काकांनी त्याला हातानेच तक्त्याकडे वळवलं.

"नव्हतं वाचलं… हो, न वाचताच सांगितलं… हो, 'काय लिहिलंय' असंही म्हणालो… ताई, मला तोंड दाखवायला जागा नाही. पण एक सुचतंय. ऐकून तर घे. मी येतो संध्याकाळी, मीच वाचतो. म्हणजे… रचून. डोंगर, खेचरं, पाण्याच्या पखाली, अशी लोणकढी लावून देतो की लिहिणारा लाजेल! आबांना कुठं दिसतंय मी कुठलं पान उघ…"

बोललो काय, हे त्यांचं त्यांना ऐकू आलं होतं.

"…नको. हो, नकोच. चुकलं माझं… काय?… तू मोठ्याने म्हणालीस, 'विमानं'?… आबा कुठे आहेत?… शेजारीच! अगं मग आधी नाही का सांगायचं… नको, नको, फोन देऊ नकोस, मी येऊन सांगतो ना, त्यांना म्हणावं… नमस्कार आबा!… हो, मीच… हो, ऐकलंत ते खरं आहे. खेचरं नाहीत… विमानं… माझी चूक, आबा. ताईचा काही दोष नाही… खिंडीचं?… खिंडीचं म्हणजे…"

खिंडीबद्दल मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनीच एकदा सांगितलं होतं. त्यांच्या खेचरीचं नाव मास्तरीण. रांग सरळ झाल्याशिवाय ती पाय उचलायची नाही, म्हणून मास्तरीण. धुक्याच्या सकाळी खिंडीत वरून बॉम्ब पडले. रांगेत पुढे चाललेला पाणक्या गेला आणि मास्तरीणही गेली. आबा तिच्या आडोशाला होते, म्हणून बचावले. काल काकांनी ते पान वाचलं तेव्हा भीती वाटली ती नुसती खेचरं नसल्याची नव्हती. त्याच प्रकरणात खिंड होती.

"नाही आबा, खिंडीचं तसं काही… म्हणजे…"

एका वाक्यात सुटता आलं असतं. थापा मारण्यात काकांचा हात धरणारा गावात नव्हता. त्यांनी गल्ल्यावरचं पुस्तक सुलटं केलं.

"आहे, आबा. दोन ओळी आहेत… आत्ता?… फोनवर?… बरं. वाचतो. 'दाट धुक्यामुळे खेचरदलाचे काही बॉम्ब आपल्याच रसदमार्गावर, खिंडीत पडले…' हो, आपल्याच… पुन्हा वाचू?… 'आपल्याच रसदमार्गावर'… छापलंय, आबा, शाईने छापलंय… काय म्हणता? साहेब काय म्हणाले होते?… 'शत्रूचीच होती, तोंड बंद ठेव'… आणि तुम्ही आवाजावरून ओळखलं होतंत, विमानं आपलीच आहेत म्हणून… आजवर कोणाला बोलला नाहीत… ताईलाही?… आबा?… आहे, मी ऐकतोय…"

पलीकडे काय चाललं होतं ते काकांना दिसत नव्हतं. काकांना वाटलं, इथेच पुस्तक मिटावं. पण आबांनी पुढचं विचारलंच.

"पुढे… पुढे अर्धी ओळ आहे. राहू दे ना आबा… बरं, बरं. रागावू नका. 'तथापि उल्लेखनीय हानी झाली नाही.'"

तक्त्यासमोरचं गिऱ्हाईकसुद्धा मान खाली घालून बसलं.

"…हो. एवढंच. पुढच्या ओळीत दुसरंच सुरू होतं… काय म्हणालात?… पेन्सिल?… आहे… पण आबा, पुस्तक वाचनालयाचं आहे… हो, ती पाटी मीच लावलीय, 'पुस्तकात खुणा करू नयेत'… मीच… थांबा… अहो, तुमच्या खिशात पेन्सिल आहे का? माझी सापडत नाही, डोळ्यांना काय झालंय कोण जाणे… द्या… हां आबा, आहे हातात. समासात ना? त्या ओळीसमोरच… काय लिहू?… मास्तरीण… मग पाणक्या… की आधी पाणक्या?… रांगेत पुढे तो होता. बरोबर. पाणक्या… मग मास्तरीण… आणि आबा, तुमचं?… नको. तुम्ही मागे होतात… बरं… ताईच्या पुस्तकातही लिहायचं? संध्याकाळी येऊन लिहितो. हो, सगळ्यांसमोर… सांगतो. मी वाचलं नव्हतं, हे मीच सांगतो… शिक्षा? बोला… तिन्ही खंड… पहिल्या पानापासून… मंडळात, मोठ्याने… हो आबा, रांग न मोडता… लिहितोय ना, लिहितोय… 'री' दीर्घ काढलीय, आबा… 'मास्तरीण', 'री' दीर्घच ना?… हॅलो?… हॅलो?…"