दाऊदची पाण्यावरची स्कूटर

हिला जाऊन दोन वर्षं झाली, आता हे सांगायला हरकत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शेजारच्या दाऊदने कुवेतहून पाण्यावर चालणारी स्कूटर आणली होती, दोघांना बसता येईल अशी. एका सकाळी भाट्याच्या खाडीत त्याने ती मला चालवायला दिली. ही मागे बसली. मी पँट दुमडत होतो, तेवढ्यात त्याने हिच्या मनगटाला एक तांबडी दोरी अडकवली.

खाडीच्या मध्यावर मी मान वळवून हिला काहीतरी सांगत होतो, आणि इंजिन बंद पडलं. ओहोटी होती. आम्ही हळूहळू समुद्राकडे सरकू लागलो. मी घाबरून बटणं दाबत मशीनला बोल लावत बसलो. हिने मात्र पाय पाण्यात सोडले, माझ्या पाठीला डोकं टेकलं आणि पाण्यावरून जाणाऱ्या ढगांच्या सावल्या बघत राहिली.

अर्ध्या तासाने एक होडीवाला जवळ आला. "ओढू काय, मास्तर?"

"घाई नाही हो," ही म्हणाली.

शेवटी होडीवाल्याने ओढून काठाला आणलं, तेव्हा दाऊद हसायला लागला. "मशीन ठीक आहे, मास्तर. ही दोरी ओढली की इंजिन बंद होतं. भीती वाटली तर ओढा, असं मीच वहिनींना सांगितलं होतं."

"घाबरलीस होय?" मी हिला विचारलं.

"छे. तुम्ही काही सांगत होता, ते ऐकू येईना, म्हणून बंद केलं. तर तुम्ही मशीनशीच बोलत बसलात."

मी काय सांगत होतो, ते हिला सांगायची मला कायम लाज वाटली. मी ओरडून म्हणत होतो, "इथे किती शांत वाटतं, नाही?"