चाकं अधांतरी

व्हरमाँटमधल्या ट्रॅक्टरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे म्हातारा मेरिल आणि त्याची बायको आयडा उभी होती. आयडाच्या हातात दात तुटलेला गिअर होता.

"ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवूनच मागच्या बकेटने खणलंस ना?" तिने मेरिलला विचारलं.

"ब्रेकही लावला होता! चढावर ट्रॅक्टर गिअरमध्येच ठेवायचा, बाबांनी शिकवलंय."

"उभा करताना, राजा! खणताना बकेट अख्खा ट्रॅक्टर मागे ओढते. चाकं फिरू बघतात, गिअर त्यांना अडवतात. मग दात तुटणार नाहीत तर काय?"

"मग न्यूट्रलमध्ये ठेवू? घरंगळत थेट उताराखालच्या चर्चमध्ये जाईन."

"बरंच होईल, त्या निमित्ताने तरी जाशील. अरे, ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीवर टेकवून चाकं अधांतरी उचल, पुढची बकेट जमिनीत दाब. मग कुठे घरंगळतोस?"

"आपली लेक रूथी बाळाला घेऊन कायमची येतेय, आयडा. बर्फाआधी पाइप खोल पुरला नाही, तर तो गोठणार, मग तिच्या घरात पाणी कुठलं?"

"पुरू की. गिअर आजच मिळतोय."

"मग या खेपेला तूच बस खणायला."

"बसते. तू खाली उभा राहून चाकांवर नजर ठेव."

"आणि टेकली तर?"

"ओरड माझ्यावर. जन्मभर ओरडलास, आता कुठे उपयोग होईल."