एकोणतीस जूनसाठी वीस ससे

रोमिना: हात मागे घ्या नन्नू! पेटीला शिवायचं नाही. माझे आजोबा असलात तरी नाही.

नन्नू: अगं, नुसता मोजतोय. सत्तर वर्षं सशांच्या पेटीत हात घालत आलोय मी, आणि ही कालची पोर मला शिकवणार!

रोमिना: मोजताय काय, तिचे केस? अजून एकही पिल्लू झालेलं नाही. बघा, छातीचे केस उपटून अंथरतेय. आता तुम्ही लुडबुड केलीत तर बिथरेल आणि पेटीबाहेरच व्यायेल.

नन्नू: आज एकतिसावा दिवस. मी बोललो होतो की नाही, कोन्तेसा आज व्याणार म्हणून?

रोमिना: तुम्ही बोललात, लिहून मी ठेवलं होतं. तुम्ही तर विसाव्या दिवशीच पेटी आत ठेवायला निघाला होतात. आत्तापर्यंत तिने पेटीचा संडास करून टाकला असता.

नन्नू: बरं बाई, तूच शहाणी. मग मला एवढंच सांग, पिपो कुठाय? सकाळपासून त्याचा पिंजरा रिकामा आहे.

रोमिना: पिपो मजेत आहे.

नन्नू: मजेत म्हणजे कुठे?

रोमिना: माझ्या घरी, जिलाँगला. गॅरेजात. पंखा लावलाय, मच्छरदाणी बांधलीय, उशाशी बर्फाची बाटली ठेवलीय. माझ्या नवऱ्याचीसुद्धा एवढी सरबराई होत नाही.

नन्नू: मादोन्ना! माझा नर चोरलास? सख्ख्या आजोबाच्या घरी चोरी?

रोमिना: हो, चोरला. पोलीस बोलवा.

नन्नू: थट्टा नको, रोमिना. उद्या लागणार आहे मला तो. उद्या तिच्याकडे सोडला की मार्चअखेर दुसरी वीण. एकोणतीस जूनला, सणाच्या दिवशी, ती पिल्लं बरोबर तेरा आठवड्यांची, कापण्याजोगी. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. वीस ससे कबूल केलेत मी आपल्या लोकांच्या क्लबाला. या विणीचे आठ-नऊ धरले तरी उरलेले कुठून आणू?

रोमिना: तो हिशेब मला ठाऊक आहे. म्हणूनच काल रात्री पिपोला गाडीत घातला.

नन्नू: बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं मेलबर्नातल्या आपल्या लोकांनी सणाला माझेच ससे खाल्लेत. लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेले. माझ्या सशाचा तुकडा तोंडात टाकला की म्हातारे म्हणतात, आपल्या बेटावर, गोझोला जाऊन आलो. आणि यंदा काय सांगू? नातीने नर पळवला?

रोमिना: खुशाल सांगा. मी ससा खात नाही असं म्हणतेय का? मीही खाते, बोटं चाटत खाते. ही आठ-नऊ पिल्लं वाढवा, मी दाणा घालीन, लस टोचून आणीन, नर-माद्या वेगळ्या करीन. पण हिच्याकडे उद्या नर जाणार नाही. परवाही नाही. सहा आठवडे ती पाजेल, मग वर महिनाभर नुसती खाईल आणि लोळेल. वजन भरलं तर पुढचं बघू.

नन्नू: सशीण आहे ती, राणीसाहेब नव्हे.

रोमिना: नाव तर तुम्हीच कोन्तेसा ठेवलंत, म्हणजे सरदारीणबाई! सप्टेंबरात काय झालं, विसरलात?

नन्नू: थंडी पडली. थंडीने गेली ती पिल्लं.

रोमिना: थंडीने नाही. पहिली पिल्लं झाली आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही पिपोला आत सोडलात. महिनाभर ती पोटातल्यांना पोसत होती आणि बाहेरच्यांना पाजत होती. व्यायची वेळ आली तर पेटीत आधीची पोरं भरलेली, आणि छातीवर उपटायला केससुद्धा उरले नव्हते. उघड्या तारेवर व्याली. सात होती, नन्नू. सातही गारठली. ती गोळा केली मी, तुम्ही क्लबात पत्ते कुटत होतात.

नन्नू: मला काय स्वप्न पडलं होतं?

रोमिना: तिच्या पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. तीन आठवडे ओल्या गवताच्या काड्या एकेक करून भरवल्यात मी तिला. पुन्हा असं झालं तर ती जगायची नाही. हे तुम्हालाही कळतं, फक्त वीस हा आकडा डोक्यातून जात नाही.

नन्नू: अगं, आमच्या गोझोत सगळे असंच करायचे. वर्षाला सहा वेळा. मादी थकली की रविवारच्या पातेल्यात. माझ्या आईने असेच ससे पाळले आणि लढाईनंतर आम्हा आठ पोरांना जगवलं. तिला कुणी कॅलेंडर दिलं नव्हतं.

रोमिना: श्श! बघा. सुरू झालं.

नन्नू: दिसतंय मला. दोन... तीन. चाटतेय बघ कशी. शाबास गं.

रोमिना: मागे सरका. सावली पडतेय तिच्यावर.

नन्नू: पाच. सहावं ते. रोमिना, तिकडे कोपऱ्यात! ते एक बाहेर पडलंय.

रोमिना: थांबा, ती तिकडेच वळलीय, पाय पडेल. आता घ्या. आधी तिच्या गवतात हात चोळा.

नन्नू: ते मला नको सांगूस. हं, घेतलं. गार पडलंय गं. शर्टाचं बटण काढ माझं, हात गुंतलेत. हां. इथे, कातडीला लावून ठेवायचं. आई अशीच ठेवायची, पोटाशी.

रोमिना: हलतंय?

नन्नू: नाही अजून. थांब. घाई नको.

रोमिना: आत सात आहेत. हे आठवं. ती बसली पाजायला, सगळं आटोपलं वाटतं.

नन्नू: तिला पाणी ठेव. भरपूर ठेव. व्याल्यावर घसा कोरडा पडतो, आई मागायची... पाणी मागायची सारखी.

रोमिना: कोण, तुमची आई?

नन्नू: मघाशी म्हटलं ना, आम्ही आठ. नववी मुलगी होती. मी अकरा वर्षांचा. आठव्याच्या वेळीच सुईण बाबांना म्हणाली होती, हिला दोन वर्षं तरी मोकळी ठेव. बाबा म्हणाले, देवाची मर्जी. वर्षही भरलं नाही. शेवटी-शेवटी आई भिंतीला धरून चालायची, आणि आम्ही तिला म्हणायचो, आई, भूक लागली.

रोमिना: हे कधीच बोलला नाहीत तुम्ही. मला वाटायचं, ती म्हातारी होऊन गेली.

नन्नू: चौतिसाव्या वर्षी गेली. बाळही गेलं. आणि घरात पाहुणे आले म्हणून त्या दिवशी ससे शिजवले. मीच कापले. सगळ्यांनी पोटभर जेवून सांगितलं, बाई खंबीर होती हो. अरे, कसली खंबीर? दमली होती ती! दमून मेली माझी आई, आणि घरात एकालाही ते म्हणता आलं नाही. मलाही नाही.

रोमिना: नन्नू... बसा इथे. रडा, काही होत नाही.

नन्नू: रडतोय कुठे? शर्टात काहीतरी वळवळतंय माझ्या.

रोमिना: खरंच?

नन्नू: हात लाव. लाथा मारतंय लेकाचं. घे, ठेव तिच्याजवळ. हळू. आणि पिपोला तुझ्याकडेच ठेव, मे महिन्यापर्यंत. पंखा मात्र रोज पूस त्याचा, धूळ त्याला सोसत नाही.

रोमिना: ठेवते. क्लबाचं काय?

नन्नू: फोन दे तो.

(नन्नू क्लबाच्या स्वयंपाक्याला फोन लावतो.)

नन्नू: साल्वू? मी कार्मनू. यंदा वीस नाही जमणार. आठ देईन, तेही सगळे जगले तर... नाही रे, रोगबिग काही नाही... कोंबड्या कर थोड्या... हो, हसतील ते, हसू दे... कारण? सशीण दमलीय, साल्वू. हो. एवढंच कारण.