दीक्षाच्या नावाचं घर

कस्तुरा : असं न्हाई. मधी थांबायचं न्हाई. आपलं नाव सांगताना कुणी थांबतं का? पुन्हा म्हण.

रुपाली : दीक्षा साहेबराव ओव्हाळ.

कस्तुरा : आता कसं. राहायला आधी कुठं व्हता?

रुपाली : दापोडीत. रेल्वेच्या भिंतीला लागून आपली झोपडी होती. वडील कंपनीत होते, मी शाळेत असताना वारले.

कस्तुरा : ‘आपली’ नको. ‘आमची’ म्हण. ती तपासणीवाली बाई बाहेरची हाय.

रुपाली : काकू, थांबू नको म्हणता अन् तुम्हीच थांबवता.

कस्तुरा : आन् काकू न्हाई. आई.

रुपाली : ती येईपर्यंत तरी काकू म्हणू द्या की. सहाव्यावर आहे अजून. शेजारची मोनिका बघून आली. दोन दारांना सील ठोकलंय, भाडेकरू निघाले म्हणून. सामान जिन्यात मांडलंय बिचाऱ्यांचं. गॅसची शेगडीसुद्धा.

कस्तुरा : त्यांनी नीट पाठ केलं नसंल.

रुपाली : आपलं सामान जिन्यात आलं तर मला उचलायचंबी होणार नाही. सातवा महिना लागलाय. गणराज फर्स्ट शिफ्टला. चाकणहून बस सुटून घरी यायला संध्याकाळ होते त्याला. कॉन्ट्रॅक्टवाल्यानं सुट्टी मागितली की गेटपासच काढून घ्यायलेत.

कस्तुरा : तुझं सामान जिन्यात येईल. माझं घरच जाईल. झोपडीच्या बदली घर दिलंय ते राहायला दिलंय, भाड्यानं द्यायला न्हाई, असं चावी देतानाच बजावलंय त्यांनी. म्हणून म्हणते, ध्यान दे. देवी कुठं ठेवलीस?

रुपाली : तांदळाच्या डब्यात.

कस्तुरा : डब्यात? काढ आधी.

रुपाली : तुम्हीच म्हणालात, दिसू देऊ नको.

कस्तुरा : दिसू देऊ नको म्हणले, कोंडून घाल न्हाई म्हणले. आमी मानत न्हाई म्हणून काय दुसऱ्याच्या देवाला डब्यात कोंडायचं व्हय? वरच्या फळीवर ठेव, अंगावर स्वच्छ कापड टाक. आन् बाबासाहेबांचा फोटो तिरका झालाय. साहेबरावचा त्याच्या खाली लाव. बरोबरीला न्हाई.

रुपाली : तुमच्या साहेबरावांना रोज सकाळी हात जोडते मी. पहिल्यांदा शेजारणींना दिसावं म्हणून जोडायचे. आता कुणी नसलं तरी हात जातोय.

कस्तुरा : चांगला माणूस व्हता. जाऊ दे हात. कॅम्पाचं सांग.

रुपाली : झोपड्या पाडल्या तेव्हा तीन वर्षांत घर देतो म्हणून कॅम्पात नेलं. पत्र्याची खोली. तीनाची नऊ झाली.

कस्तुरा : आन् खडूचं?

रुपाली : ते कोण विचारणार?

कस्तुरा : विचारलं तर.

रुपाली : नमुन्याचं घर दाखवायला नेलं होतं आम्हाला. सगळ्या बाया ओट्याला हात लावून बघत होत्या. मी आले ती खडू घेऊनच बसले. पत्र्याच्या खोलीत, फरशीवर, तसंच घर आखलं. इथं ओटा, इथं मोरी, इथं खिडकी, खिडकीखाली माझी जागा. पुसलं की पुन्हा आखायचे. आई रेघेवरून चालली की ओरडायचे, भिंतीतून कुठं चाललीस म्हणून.

कस्तुरा : हसून म्हण. ती हसायची हे सांगताना.

रुपाली : मला नाही येत हसू, काकू.

कस्तुरा : कावीळ?

रुपाली : कावीळ झाली होती. कॅम्पात पाण्याच्या लायनीत गटाराचं पाणी शिरलं. लई जणांना झाली.

कस्तुरा : मग?

रुपाली : बरी झाले.

कस्तुरा : पुन्हा म्हण.

रुपाली : कावीळ झाली होती. बरी झाले. काकू, घराच्या चौकशीत ही बाई कावीळ कामून विचारंल?

कस्तुरा : विचारलं तर म्हणून.

रुपाली : तुम्ही दर महिन्याला म्हणवून घेता माझ्याकडून. तपासणी तर आज पहिल्यांदा होतीय.

कस्तुरा : चहा ठेव. आलं टाक जरा.

रुपाली : ठेवते. तुम्ही इथंच येऊन का राहत नाही? मी अन् गणराज हॉलमध्ये पडू. कुणाचं भ्या नको.

कस्तुरा : राहिले की. चावी मिळाली तवा आठ दिवस राहिले. पयल्या दिवशी सकाळी उठले, मोरीकडं निघाले आन् रेघ वलांडायला पाय उचलला. रेघ कुठली? खरी भिंत. सगळं जिथल्या तिथं. ओटा तिथं, खिडकी तिथं. खिडकीखालची जागा तेवढी रिकामी. आठव्या दिवशी कुलूप लावलं. लोकांनी विचारलं तर सांगते, दापोडीत पहाटंच कामाला पोचावं लागतं, हितनं बस न्हाई. खोटं न्हाई ते. बस न्हाईच.

रुपाली : रविवारी मोनिकानं डोहाळजेवण ठरवलंय. अख्खा मजला येणार. केक सांगितलाय, त्यावर नाव.

कस्तुरा : माहीत हाय. वॉचमन म्हणला. मावशी, दीक्षाला काय खावंसं वाटतंय ते विचारा, बायको करून देईल म्हणला.

रुपाली : तुम्हाला ते ऐकायला आवडतंय.

कस्तुरा : काय?

रुपाली : मी खिडकीतून बघते. लिफ्ट चालू असली तरी तुम्ही खाली बाकड्यावर बसून राहता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारता म्हणे, दीक्षा वर आहे का? भाडं तर फोनवर येतंय तुम्हाला. तुम्ही भाड्यासाठी येत नाही.

कस्तुरा : तिला कुणी वळखत न्हवतं गं. कॅम्पात ज्याची त्याला पडलेली. गेली तवा खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली. आन् हितं अख्खी बिल्डिंग वळखते तिला. तिच्याकडनं विरजण नेते.

रुपाली : माझ्याकडून नेते, काकू. विरजण माझं आहे.

कस्तुरा : व्हय. तुझंच.

रुपाली : दिवाळीला गावी गेले होते. आईनं मागून हाक मारली, रुपाली. मी वळलेच नाही. दुसऱ्यांदा मारली तवा लक्षात आलं. आई म्हणाली, बरं केलंस, पोटुशीनं एका हाकेला ओ देऊच नये. मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, जित्याची हाक तीनदा येते. तिला काय सांगू? इथं मी रोज पहिल्याच हाकेला ओ देते.

कस्तुरा : म्हाताऱ्यांचं बोलणं असतं ते.

रुपाली : असंल. पण ओटीत नारळ माझ्या पदरात पडणार अन् नाव तिचं घेणार सगळ्या. दवाखान्यात माझं नाव रुपाली आहे. इथं दीक्षा. पोटातल्यानं कुणाला आई म्हणायचं?

कस्तुरा : आजचा दिस निभाव. मग बघू.

(दार वाजतं.)

रुपाली : जय भीम, मॅडम. या की.

विजयश्री : जय भीम. बसत नाही, अजून वरचे मजले राहिलेत. लिफ्टही आजच बंद पडायची होती. कस्तुरा ओव्हाळ कोण?

कस्तुरा : मी. पाणी घ्या. चहा टाकलाय.

विजयश्री : पाणी द्या फक्त. चहा सकाळपासून इतका झालाय की पोटात जळजळतंय. आणि तुम्ही?

रुपाली : दीक्षा साहेबराव ओव्हाळ.

विजयश्री : आधार कार्ड? हा फोटो तर शाळेतला आहे.

रुपाली : नवा काढायचा राहून गेला.

विजयश्री : सगळ्यांचंच राहून जातं. अंगठा घ्यायला हवा, पण मशिनला इथं रेंज येत नाही. आज तोंडी विचारून घेते. आधीचा पत्ता?

रुपाली : दापोडी, रेल्वेच्या भिंतीला लागून. आमची झोपडी शेवटून तिसरी. पुढं नळ होता.

विजयश्री : नंतर?

रुपाली : कॅम्पात. पत्र्याची खोली. तीन वर्षं म्हणून नेलं, नऊ वर्षं ठेवलं.

विजयश्री : तुम्ही छान सांगता. खाली एकीला स्वतःच्या वडलांचं नाव आठवेना. तिच्या वडलांचं म्हणजे, जिचं नाव ती सांगत होती तिच्या. हे घर आवडलं का तुम्हाला?

रुपाली : आवडलं म्हणजे काय मॅडम. मिळायच्या आधीच मी यात राहत होते. खडूनं आखलं होतं कॅम्पात. ओटा, मोरी, खिडकी. आई रेघेवरून चालली की मी ओरडायचे, अगं, भिंतीतून कुठं चाललीस?

विजयश्री : हसू येतंय ना आता? पहिल्यांदाच कुणी तरी हसलं आज या बिल्डिंगमध्ये. बरं मावशी, तुम्हाला एकच विचारते. ही तुमची मुलगी दीक्षा का?

कस्तुरा : …

विजयश्री : मावशी?

रुपाली : आईला जरा कमी ऐकू येतं, मॅडम.

विजयश्री : आत्ता तर चहाचं विचारत होत्या.

कस्तुरा : दीक्षा हितंच राहते.

विजयश्री : ते कळलं. मी ते नाही विचारलं. ही समोर उभी आहे, ही तुमची मुलगी का? हो किंवा नाही सांगा. तुमच्याच तोंडून लागतं, बाकी मी काही लिहू शकत नाही.

रुपाली : आई, सांग की.

कस्तुरा : असंच हसायची.

विजयश्री : कोण?

रुपाली : आई, मॅडम थांबल्यात.

कस्तुरा : व्हय. माझीच हाय. पोटची.

विजयश्री : ठीक आहे. ‘मूळ कुटुंब राहते’ असं टाकते.

रुपाली : झालं, मॅडम?

विजयश्री : झालं. मावशी, बाकीच्या घरांत ‘हो’ लगेच येतं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत. तुमच्याएवढा वेळ कुणी घेतला नाही.

कस्तुरा : म्हातारं माणूस मी.

विजयश्री : मीही भाड्यानंच राहते, काळेवाडीत. सोडतीला अर्ज करते, नाव निघत नाही. अन् सील ठोकायला मलाच पाठवतात. पुढच्या महिन्यात नवी मशिन देणार आहेत, रेंज नसली तरी चालणारी. बाकी सगळं पाठ होतं, मावशी. अंगठा पाठ करता येत नाही. एवढं सांगून ठेवते, मी सांगितलं असं म्हणू नका.

रुपाली : मॅडम, बाळ झाल्यावर त्याचं नाव?

विजयश्री : या घरात लावायचं असेल तर आई म्हणून दीक्षा ओव्हाळ लागेल. दुसरं नाव चालणार नाही. जपून राहा, ताई. शेजारच्या सांगत होत्या रविवारचं. दार लावून घ्या.

रुपाली : गेली. काकू, गेली ती. वाचलो आपण. काकू?

कस्तुरा : तुला सगळं शिकवलं. मला काय विचारतील, हे ध्यानातच आलं न्हाई.

रुपाली : बोललात ना पण.

कस्तुरा : बोलले. आजवर तुला म्हणवून घेत व्हते, बरी झाले, बरी झाले. माझ्या तोंडानं कधी म्हणले न्हवते. तिचा दाखलासुदीक काढला न्हाई अजून. स्मशानातली पावती पिशवीत घेऊन फिरते. दाखला काढला की घरावरचं नाव उडंल, असं सांगते लोकांना. माझ्या एकटीच्या नावावर बी राहिलं असतं की घर. आज तिला जित्ती म्हणले, आन् बघत व्हते तुझ्याकडं.

रुपाली : त्या बाईला कळलं.

कस्तुरा : कळू दे. पुढल्या महिन्याचं पुढल्या महिन्यात.

रुपाली : पुढच्या महिन्यात मला आठवा लागंल. कुठं हुडकू खोली? तळेगावपासून चाकणपर्यंत फिरून बघितलंय गणराजनं. पगारात बसंल अशी खोली हीच.

कस्तुरा : चहा गाळ. आटून गेला असंल.

रुपाली : काकू, एक मागू का? रविवारी ओटी भरताना एकदा माझं नाव घ्या. मोठ्यानं नको. कानात घेतलं तरी चालंल. पोटातल्याला तेवढं तरी ऐकू जाईल.

कस्तुरा : घेईन.

रुपाली : आत्ता घ्या. कुणी नाही.

कस्तुरा : आत्ता?

रुपाली : एकदाच.

मोनिका (बाहेरून) : दीक्षा, टँकर आलाय गं.

कस्तुरा : मोनिका बोलावती.

रुपाली : ऐकलं.

मोनिका : दीक्षा, हंडे घेऊन ये, रांग लागली.

कस्तुरा : पोरी, पाणी जाईल.

रुपाली : तुम्ही काय तरी म्हणत होता, काकू.

मोनिका : अगं दीक्षा, आहेस ना घरात?

कस्तुरा : तिसरी झाली. जित्या माणसाची हाक हाय.

रुपाली : हाक मारणारी जिती आहे, काकू.

कस्तुरा : हंडे मी आणते. तू नुसता ओ दे.