काही राहिलं तं नाही ना?

हसा, हसा! आग दाराशी आली अन् आपल्याच बायकोनं आपल्याले घरात कुलूप लावलं तं कसं वाटते, ते तुम्हाले नाही समजायचं!

तुम्हाले सांगतो, आमचं घर बोरगावच्या पार शेवटाले. मागं संत्र्याची बाग, बागेमागं जंगल. मोहाची फुलं वेचाले कोणीतरी खालचा पाला पेटवते, अन् दर उन्हाळ्यात आम्ही रात्र रात्र जागतो! म्हणून प्लॅन बनवला. कोणी? मीच, या मधुकरनं! बुढीले, म्हणजे माह्या मायले, पोरानं मंगेशनं उचलायचं, गाय सुनेनं सोडायची, कागदांची थैली बायकोनं, उर्मिलानं घ्यायची, अन् जामसांवलीच्या देवळात जमायचं. रोज शिकवलं! पोरगा म्हणे, "बाबा, आग आली नाही अन् तुम्हीच पेटून राहिले!"

अन् त्या दुपारी आली ना बाप्पा! वारा असा का धूर सरळ अंगणात. म्हटलं, निघा, मी सिलेंडर बंद करून येतो. मी मागं सैपाकघरात, अन् समोर उर्मिला विचारून राहिली, "काही राहिलं तं नाही ना?" सून म्हणे, "नाही, आई." मंगेश म्हणे, "काहीच नाही." तेवढ्यात बुढी गाडीतून कोकलली, "माही तपकिरीची डबी!" तं मंगेश धावत आत आला, डबी घेऊन गेला... डबी दिसली, बाप नाही दिसला! मग उर्मिलानं कुलूप लावलं, अन् सवयीनं ओढून पाह्यलं. खट, खट, खट! मी बोंबललो, तं गाडी सुरू!

काही राहिलं तं नाही ना? राहिलो ना मी! मागच्या दाराले फळ्या मीच ठोकल्या होत्या, माकडं घुसतात म्हणून. अन् फोन? थैलीत! थैली प्लॅनप्रमाणं सुखरूप गेली!

खरं सांगतो, लय भेव लागलं. झाडं तडतड वाजून राहिली अन् मी खिडकीच्या गजाले धरून रडून राहिलो... शेजारचा दादाराव परत आला, त्यानं लोखंडी सब्बलीनं कुलूप फोडलं. तोही मोटारपंपासाठी आला होता, माह्यासाठी नाही!

देवळात पोचलो, काळा ठिक्कर. उर्मिला धाय मोकलून रडली, "मले वाटलं, तुम्ही दादारावभाऊच्या गाडीवर गेले!" म्हटलं, चला, माया तं आहे. तं डोळे पुसत म्हणते कशी, "अहो, कुलूप फोडलं? म्हणजे घर उघडंच?"

घर वाचलं. बाग अर्धी गेली. आता सौंसरच्या बाजाराले निघालो तरी उर्मिला दारातून विचारते, "काही राहिलं तं नाही ना?" अन् मी गाडीतून हात वर करतो... "मी बसलो, बाई. लाव कुलूप."