काचेतले साप

नाव वेगळ्या कागदावर दिलं आहे, वाचनालयात सगळे मावशी म्हणतात. वय अठ्ठावन्न. धंदा नोकरी, वाचनालयाच्या रस्त्याकडच्या काचेत दर आठवड्याला एकेका विषयाची पुस्तकं मांडते. राहणार वाचनालयामागच्या गल्लीत.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, ज्याने बायको हरवल्याची तक्रार दिली आहे त्याची बायको आमच्याकडे रोज चारला येते. आधी बाहेर उभी राहून काच बघते, मग आत येऊन माझ्या मांडणीला नावं ठेवते आणि वाचत बसते. महिन्यापूर्वी ती हाताला प्लास्टर घालून बहिणीकडे राहायला आली. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, घरात साप असला की झोप लागते का?"

काल साडेतीनच्या सुमारास तो आला आणि माझ्या टेबलासमोर बसला. बोलणं अगदी गोड. "ती चारला येते ना? सांगू नका हं, जरा गंमत करायचीय." गंमत म्हणे. तिच्याकडे फोन नाही, त्यानेच फोडलाय. तुम्ही ठाण्यात का कळवलं नाही, असं साहेब विचारतात. ती या ठाण्यात दोनदा आली होती, दोन्ही वेळा समजूत घालून घरी पाठवली. हेही लिहा.

काचेत सहलींची पुस्तकं होती. मांडणी बदलायची आहे असं त्याला सांगून मी सापांवरची सगळी पुस्तकं काढली. काचेतल्या पुस्तकांची तोंडं रस्त्याकडे असतात, आतल्या माणसाला नुसत्या पाठी दिसतात. पाटी मागच्या खोलीत रंगवली आणि छातीशी धरून आणली. स्टुलावर चढले तर हा उठून आला. "पडाल मावशी, मी धरतो." आणि धरलं.

पाटी लावते न लावते तोच आमचे रोजचे टेलरकाका हसत आत आले. "काय हो, आत साप आहे असं लिहिलंय. कुठाय?"

"पुस्तकात, काका. गप बसा," मी म्हटलं. तोही त्यांच्याकडे वळून हसला. मी वर होते आणि स्टूल त्याच्या हातात होतं.

तेवढ्यात ती काचेपाशी आली. त्याची पाठ रस्त्याकडे होती. तिने पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागली.

"दमलात, मावशी," तो म्हणाला. पाणी त्यानेच आणून दिलं. मी प्यायले.

वाचनालय बंद झाल्यावर तो बाहेर पडला आणि त्याने पाटी वाचली. मग तो तुमच्याकडे आला.

ती हरवलेली नाही. सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली. आता बहिणीकडेही नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे, सांगणार नाही.

जबाब वाचून दाखवायला घेतला तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता, म्हणून हळू वाचा असं मी सांगितलं. हवालदारांनी उठून दार लावलं आणि मग वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मला मागच्या दाराने जाऊ द्यावं.