जशा आहात तशा

सून: दाखवते, आई. पण आधी ऐकून घ्या. नुसतं बघितलंत तर वाटेल, हे सगळं मीच केलं.

सासू: अगं, आल्यापासून लॅपटॉप छातीशी धरून बसलीयेस. फोटो माझाच आहे ना?

सून: तोच तर प्रश्न आहे. तुमचा होता.

सासू: होता म्हणजे?

सून: त्या दिवशी आमच्या ऑफिसात तुम्हाला तो निळा कोट घालून उभं केलं होतं. साठीपुढच्या बायकांचे कपडे, म्हणून साठीपुढचीच बाई हवी होती. मीच तुमच्या मागे लागले. तुम्ही म्हणत होतात, माझ्या तोंडाकडे कोण बघणार. शेवटी मी शब्द दिला, एकही सुरकुती पुसणार नाही, तेव्हा कुठे तयार झालात.

सासू: झाले खरी. आणि वर नवीन चप्पलही घेतली.

सून: मग तो फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्याची जाहिरात मांडायचं काम माझ्याकडे. मागचा रंग, बाजूची अक्षरं, सगळं मी बसवलं. वर ठळक ओळ, ‘जशा आहात तशा’. जीव ओतून केली, आई. आणि इस्त्रीसाहेबांना पाठवली.

सासू: हे इस्त्रीसाहेब कोण?

सून: आमचे वरचे. माणूस बोलतोसुद्धा इस्त्री करून, म्हणून आम्ही नाव ठेवलंय. म्हणाले, फारच सुंदर, फक्त मानेपाशी जरासं बघा. मी काही केलं नाही, तशीच परत पाठवली. मग म्हणाले, हात बघा. हाताच्या शिरा बघून म्हणे गिऱ्हाइकाला दुखणं आठवतं. चहाचे घोट घेत घेत बोलत होते हे. वर डोक्यावर ती ओळ, जशा आहात तशा, आणि खाली बाईची सालं काढायची. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

सासू: मग भांडलीस की नाही?

सून: भांडले असते तर बरं झालं असतं. शहाणपणा करायला गेले. आमच्या कामात एक रीत आहे. एकच जाहिरात नेऊन कधी ठेवायची नाही. एक आपल्या मनातली द्यायची आणि सोबत एखादी मुद्दाम बिघडवलेली. म्हणजे समोरच्याला निवडल्याचं समाधान मिळतं, आणि निवडतो तो आपलीच. आमच्यातले सगळे हेच करतात.

सासू: भाजीवाला आधी किडकी जुडी पुढे करतो, तसं.

सून: तस्संच. म्हणून मी दुसरी बनवली. जितकी घाण करता येईल तितकी केली. तुमच्या चेहऱ्यावरून तो मऊ करायचा ब्रश फिरवला, तो फिरवतच राहिले. कंबर दोन्हीकडून आत ढकलली. डोळे फुगवले, मान ताणली. पाय तर दुसऱ्याच कुठल्या पोरीचे आणून चिकटवले. म्हटलं, हे ध्यान बघून तरी त्यांना स्वतःची लाज वाटेल. करताना हसू आवरेना मला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवलं, तीही हसून हसून बेजार.

सासू: मग, वाटली लाज?

सून: खुर्चीतून उठले. म्हणाले, बघा, मनात आणलंत की जमतं तुम्हाला. हीच फायनल. आणि सगळे लागले माना डोलवायला. ती पोरगीसुद्धा. बेसिनपाशी जाऊन उभी राहिले किती तरी वेळ. साबणाने हात धुतले, तरी हाताला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं.

सासू: बरं. आता दाखव.

(सून लॅपटॉप सासूकडे वळवते.)

सासू: ही कोण बया?

सून: तेच म्हणतेय मी.

सासू: कोट तेवढा ओळखीचा वाटतोय. शी, काय ते तोंड. माशी बसली तर घसरून पडेल.

सून: हसू नका ना, आई.

सासू: हसत नाहीये मी. शिसारी आली. बाहुली म्हणावी तर जिवंत, बाई म्हणावी तर मेलेली. आणि हे करताना तुला हसू आवरत नव्हतं.

सून: मी त्यांना हसत होते. तुम्हाला नाही.

सासू: समोर तोंड माझं होतं ना पण.

सून: चुकलंच माझं. म्हणून तर सांगतेय सगळं. पण अजून वेळ गेलेली नाही. उद्या सकाळी छपाईला जाईल. जिचा फोटो तिने नको म्हटलं, तर त्यांना छापता येत नाही. तुम्ही आत्ता फोन करा आणि एवढंच म्हणा, हा नको. मग माझी पहिली छापल्यावाचून त्यांना सुटका नाही. तिसरी आहे कुठे त्यांच्याकडे?

सासू: आणि दोन्ही नको म्हटलं तर?

सून: तर खापर माझ्या डोक्यावर. जागा घेऊन ठेवल्यात त्यांनी, प्रत्येक बसथांब्यावर. मग माझं तिथे काही खरं नाही. पण दोन्ही नको का म्हणाल तुम्ही? पहिलीत तुम्ही आहात, आई. अगदी तुम्ही. ही बघा, काही म्हणजे काही पुसलेलं नाही.

सासू: मिट ते.

सून: काय झालं?

सासू: मिट म्हणते ना. अशी दिसते मी?

सून: अहो, किती छान दिसताय. सगळं आयुष्य उतरलंय चेहऱ्यावर.

सासू: आयुष्य कसलं, मसणवाट दिसतेय. थांब. उघड परत. हे कपाळ बघ, नांगर फिरवल्यासारखं. रोज आरशासमोर केस विंचरते मी. एवढ्या रेघा मला नाहीत.

सून: फोटोत थोडं जास्त दिसतं कधी कधी.

सासू: आणि हे डाग? हातावर तर दोरखंड आहेत नुसते. काय केलंस तू?

सून: पुसलं काहीच नाही.

सासू: ते कळलं. केलंस काय?

सून: सुरकुत्या थोड्या गडद केल्या. डागही. मुळात त्या फोटोत तुम्ही तितक्या वयाच्या वाटतच नव्हतात, सपाट आला होता चेहरा. म्हटलं, रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबून दिसायला हवं. खरेपणा यायला हवा.

सासू: खरेपणा.

सून: वाईट हेतूने नाही केलं.

सासू: म्हणजे त्यांना मी तरणी हवी होते आणि तुला आणखी म्हातारी. त्यांनी निदान तुझ्या मागे लागून करून घेतलं. तुझ्याकडून हे कुणी करून घेतलं?

सून: कुणीच नाही.

सासू: शब्द दिला होतास मला.

सून: पुसणार नाही, असा दिला होता.

सासू: वकील व्हायला हवी होतीस गं तू.

सून: आई, मला आज रात्री बसून काम करू द्या. मूळ फोटो आहे माझ्याकडे. त्याला बोटसुद्धा लावत नाही, जसाच्या तसा मांडून देते. हातापाया पडून त्यांना घ्यायला लावते.

सासू: नको. पुन्हा तुझ्या हातात माझं तोंड द्यायचं नाही मला. फोन लाव त्यांना.

सून: काय सांगणार आहात?

सासू: तू लाव. हॅलो. हो, मीच, कोटातली बाई. हो, दाखवला सुनेने. नाही, तक्रार कसली. छापा. हो हो, तोच, गुळगुळीत. बरं, ठेवते.

सून: तुम्हाला तो आवडला?

सासू: आवडण्यासारखं काय आहे त्यात?

सून: मग छापा का म्हणालात? जिथे तिथे लागेल आता तो.

सासू: लागू दे. त्यात मला कुणी ओळखणार नाही.

सून: पण तुमच्या बागेतल्या मैत्रिणी? त्या तर विचारतील, कधी लागणार म्हणून.

सासू: विचारतील. सांगेन, माझा फोटो नाही घेतला त्यांनी.